अधिक तीन

रात्री घर निजलं, की मी कधी कधी मराठी विकिपीडियाचं ‘अलीकडील बदल’ हे पान उघडून बसते. वाचायला तिथं तसं काही नसतं. नुसती यादी असते: कुठल्या पानाला, किती वाजता, कुणाचा हात लागला. एखाद्या तालुक्याच्या पानावर कुणी तिथल्या नदीचं नाव घातलेलं असतं, कुणी विस्मृतीत गेलेल्या एका नाटककाराच्या नावापुढे त्याच्या शेवटच्या नाटकाचं साल टेकवलेलं असतं, कुणी घाटातल्या एखाद्या देवराईत कोणकोणती झाडं आहेत ते लिहायला सुरुवात करून मध्येच सोडलेलं असतं, बहुधा झोप अनावर होऊन; आणि बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना त्या ओळी एकीखाली एक उतरत राहतात, आणि आपल्या भाषेत या घटकेला आणखी कुणी कुणी जागं आहे याची एक मंद, उबदार जाणीव अंगभर पसरत जाते.

मी एकटी नाही.

प्रत्येक ओळीत कंसात एक आकडा असतो. भर पडली असेल तर हिरवा, काही गळलं असेल तर लाल. मजकूर किती बाइटांनी वाढला किंवा घटला, याचा तो हिशेब. देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकाच्या पोटात तीन बाइट जागा घेतं. म्हणून कुणी राहून गेलेला अनुस्वार दिला, की त्या ओळीत (+३) उमटतं. आणि कुणी ऱ्हस्व वेलांटी काढून दीर्घ दिली, तर तीन गेले, तीन आले. आकडा येतो (०). रात्री दीड वाजता कुणीतरी, कुठंतरी, ‘पाणि’ वाचून अडखळलं, थांबलं, ‘पाणी’ केलं आणि निघून गेलं. यंत्रानं मोजलं: शून्य.

त्या शून्याकडे मी बराच वेळ पाहत राहते. दुधाच्या पातेल्यावर आडवी ठेवलेली पळी, तुरीच्या डाळीला चोळलेलं एरंडेल, तांदळाच्या डब्यात तळाशी घातलेला कडुलिंबाचा पाला: हे शोध कुणाचे? ज्या बाईनं पहिल्यांदा डाळीला बोट लावून तेल चोळलं आणि पावसाळा उलटल्यावर कीड लागलेली नाही हे पाहून शेजारणीला सांगितलं, तिच्या नावापुढे कुठला आकडा पडला असेल? रोजच्या जगण्याचं ज्ञान असंच जमत आलेलं आहे, एका बोटाएवढं, एका वाक्याएवढं, सांगणारीचं नाव मागे ठेवून पुढे गेलेलं. आणि आता या निळसर उजेडाच्या पानावर निदान एवढं तरी दिसतं, की कुणीतरी सांगितलं. त्या क्षणाची वेळ नोंदलेली आहे.

प्रत्येक पानाच्या पाठीमागे त्याचा ‘इतिहास’ असतो. तो उघडून मी तळापर्यंत उतरते, जिथून पान सुरू झालं तिथपर्यंत. आज ज्या गावाच्या पानावर जत्रा आहे, पाणवठे आहेत, पिकं आहेत, शाळेची पटसंख्या आहे, त्या पानाचा पहिला दिवस एका वाक्याचा असतो. अमुक हे एक गाव आहे. अमुक ही एक रानभाजी आहे. अमुक हा एक खेळ आहे. लिहिणाऱ्याला तेवढंच ठाऊक असेल, किंवा तेवढाच वेळ असेल, किंवा त्याला एवढंच म्हणायचं असेल. त्या पहिल्या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाशी येऊन माझं मन थबकतं. बाकी सगळं नंतर कुणी लिहील, चुकेल, खोडेल, पुन्हा लिहील. पण कुणीतरी आधी पुढे होऊन म्हणायला हवं असतं, की ही गोष्ट जगात आहे.

आहे. एवढंच.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं २५ मार्च १९९५ रोजी पहिलं विकी लोकांपुढे ठेवलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या अनुभवाचे धडे एकमेकांसाठी लिहून ठेवावेत, आणि वाचणाऱ्या कुणालाही ते तिथल्या तिथे सुधारता यावेत, एवढीच ती मांडणी. तिच्यातली एक लहानशी गोष्ट मला विलक्षण वाटते. लिहिताना एखादा शब्द असा आला, की ज्याचं पान अजून कुणी केलेलं नाही, तर त्या शब्दाशेजारी एक प्रश्नचिन्ह उभं राही. त्यावर टिचकी मारली की कोरं पान उघडे. विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत आला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. आणि त्या वाटेवर कुठंतरी प्रश्नचिन्ह विरलं आणि त्याच्या जागी रंग आला. जे पान आहे त्याचं नाव निळं. जे नाही त्याचं लाल.

मला हे लाल शब्द फार प्रिय आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड उभे केले, त्या माणसाची जिद्द आठवली की आजही छाती दडपते. वाईला कृष्णेकाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली ‘मराठी विश्वकोश’ आकाराला आला, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि अकारापासून निघालेली ती पालखी पुढची कितीतरी वर्षं वर्णमालेतून चालत राहिली. त्या खंडांचा कापडी पुठ्ठा, त्यांचा जडपणा, वाचनालयातल्या लाकडी टेबलावर ते उघडताना येणारा जुन्या शाईचा वास, हे सारं माझ्या घडण्याचा भाग आहे. पण छापील कोशात जे नाही ते दिसत नाही. दोन नोंदींच्या मधली पोकळी मुकी असते. इथं उणिवेलाही नाव आहे, रंग आहे आणि आत जायला दार आहे. कुणाला तरी हा शब्द हवा होता, कुणीतरी तो लिहून गेलं, आणि आता तो लालच्या लाल, येईल त्याची वाट पाहत उभा आहे.

मला ज्यानं आत ओढलं, तो लाल शब्द होता ‘काकड’.

मृगाच्या आगेमागे, पहिले दोन-तीन पाऊस जमिनीत मुरले, की ठाण्याच्या, कल्याणच्या, पनवेलच्या बाजारात फुटपाथाच्या कडेला बाया शेवळं घेऊन येतात. रात्री रानातून खुडलेली, पहाटेच्या गाडीनं आणलेली, ओल्या फडक्यावर मांडलेली. शेवळ सुरणाच्या कुळातलं. याचं आधी फूल येतं आणि पान मागाहून. उन्हानं तडकलेल्या मातीतून, आजूबाजूला गवताचं हिरवं टोकही नसताना, जांभळट तपकिरी आवरणात स्वतःला घट्ट लपेटून घेतलेला एक कोंब सरळ वर येतो, आणि तो उमलायच्या आत खुडायचा असतो. हातात घेतला तर गार लागतो. नाकाशी नेला तर रानाचा उग्र, ओला, जरासा मातकट वास येतो, आणि तो वास दिवसभर बोटांना राहतो. जून महिना मला त्या वासावरून कळतो, दिनदर्शिकेवरून नाही.

पण शेवळ खाजरं. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक त्याच्यात असतात. नीट निवडलं-शिजवलं नाही तर घसा धरून ठेवतं, जीभ चरचरते, पाणी प्यायलं तरी शमत नाही. म्हणून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि भाजीत काकडं घालायची: काकड नावाच्या रानवृक्षाची बोराएवढी, हिरवी, दात आंबवणारी फळं, ठेचून, त्यांचा रस काढून. शेवळं विकणारीच्या टोपलीत काकडांचा एक छोटा ढीग असतोच. ज्या ऋतूत रान ही खाज देतं, त्याच ऋतूत, त्याच डोंगरउतारावर, तिचा उतारही देतं. आणि या दोन झाडांची सोयरीक कधीतरी कुणीतरी, घसा सुजवून घेत, जिभेनं शोधून काढलेली आहे. त्या जिभेपुढे मी मनोमन वाकते.

“काकडं घेतली का ताई? नुसती शेवळं नेऊ नका, घसा धरंल.”

“किती घालायची, मावशी?”

तिनं उत्तर दिलं नाही. डाव्या हातानं शेवळांची जुडी उचलून धरली, आणि उजव्या हाताचा पंजा जरासा मिटून त्यात काकडं घेतली. एवढ्याला एवढी. मग माझ्याकडे पाहून, मला अजून काही कळायचं आहे हे ओळखून, म्हणाली, “कांदा काढायचा नाय मातीतून. तो तिथंच ठेवायचा. नायतर पुढच्या साली कोण देईल?”

घरी येऊन मी ते विकिपीडियावर शेवळाच्या पानात लिहायला बसले आणि त्या मिटलेल्या पंजाशी अडले. त्याचे ग्रॅम किती? कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त घरोघरच्या अंदाजाला वाटी-चमच्याचं माप दिलं, आणि कितीतरी नवख्या मुलींना परक्या गावात, परक्या देशात, स्वतःच्या हातचं आईच्या चवीचं खाता आलं. अंदाजाचं मापात रूपांतर करणं हे केवढं प्रेमाचं काम आहे, हे मला त्या रात्री नीट उमगलं. मी मूठभर असं लिहिलं. खोडलं. वाटीनं मोजून पाहिलं. पुन्हा लिहिलं. शेवळांत वाल घालतात, सोडे घालतात, मटणातही शेवळं पडतात, सीकेप्यांच्या घरी शेवळाची कणी होते. एकेका घराची एकेक ओळ आठवून लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता त्या घरांतली ताटं, ती माणसं, पानावरून हात फिरवून “अजून वाढ” म्हणणारे काका, पावसानं अंधारलेली ती स्वयंपाकघरं, सगळी माझ्या टेबलाभोवती येऊन बसली. काकडाच्या लाल शब्दावर टिचकी मारली. कोरं पान उघडलं. मी लिहिलं, काकड हा पानझडी वृक्ष आहे.

शब्द निळा झाला.

काही दिवसांनी मावशीच्या वाक्याशेजारी, कांदा मातीतच ठेवण्याच्या त्या वाक्याशेजारी, कंसात दोन शब्द आले होते: संदर्भ हवा. ते वाचून आत काहीतरी दुखलं, हे खरं. तरी हा नियम मला योग्यच वाटतो. पावसाळ्यात रानात अळंबीही उगवतात, आणि कुठली खायची, कुठली नाही, यात एका ऐकीव वाक्याची चूक एखाद्या घरातला दिवा विझवू शकते. जे कुणीही लिहू शकतं ते कुणालाही पडताळता आलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्यानं विश्वास कशावर ठेवायचा? पण मावशीचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. तिच्या आईचं नाही. त्यांच्या डोंगराबद्दल ज्यांनी पुस्तकं लिहिली, त्यांनी बहुतेकदा त्यांनाच विचारून लिहिली, आणि छापून आल्यावर संदर्भ झाला पुस्तकाचा. ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक, तोच पुराव्याच्या बाहेर उभा. अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हाच सल धरून भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत काम केलं. खेळांसारख्या रोजच्या गोष्टी जाणणाऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, ते बोलणंच विकिपीडियासाठी संदर्भ धरता येईल का, असं त्यांनी विचारून पाहिलं. त्यावरच्या त्यांच्या माहितीपटाचं नावच होतं ‘पीपल आर नॉलेज’. तो प्रश्न अजून ओला आहे.

मला पुढे रानभाज्यांवरच्या एका लहानशा छापील पुस्तकात तेच वाक्य सापडलं, जवळजवळ तसंच. मी तळटीप दिली. लेखकाचं नाव, साल, पान. कंसातले दोन शब्द गेले, वाक्य राहिलं, आणि आता ते कुणी काढणार नाही याचं समाधान वाटलं. पण त्या तळटिपेच्या खाली मला एक रिकामी ओळ दिसत राहते, जिथं पहाटेची गाडी आहे, ओलं फडकं आहे आणि मिटलेला पंजा आहे.

त्या छापील आधारांसाठीही कुणीतरी खपत असतंच. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं पानोपान उतरवली जातात; लेखक जाऊन साठ वर्षं उलटली, की पुस्तक सगळ्यांचं होतं, आणि मग कुणीतरी त्याची छायाप्रत समोर ठेवून, पिवळ्या पडलेल्या कागदावरचा पुसट अकार ओळखत, ते अक्षर अक्षर टंकतं. एकानं तपासलेलं पान पिवळं होतं. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मुळाशी ताडून पाहिलं, तरच ते हिरवं. आपलंच पान आपल्याला हिरवं करता येत नाही. कधी मी एखाद्या अनोळखी माणसानं पिवळं केलेलं पान उघडते आणि त्याच्या नजरेमागून माझी नजर चालवते. तो जिथं थांबला असेल तिथं थांबते. त्याच्याकडून निसटलेला एक अनुस्वार मला सापडतो. आम्ही एकमेकांना कधी भेटणार नाही. एका ओळीवर मात्र दोघांचे डोळे टेकून गेलेले असतात.

आणि नावं. एका भाजीची किती नावं! कोकणात जो टाकळा, तो विदर्भात तरोटा. मुंबईला जी कंटोळी, ती कुठं करटुली, कुठं काटवल. फोडशीला कुणी कुली म्हणतं. विकीवर यासाठी एक फार गुणी सोय आहे, पुनर्निर्देशन. एका नावाचं पान तयार करायचं, त्यात काही लिहायचं नाही. आलेल्याला दुसऱ्या नावाच्या पानावर अलगद नेऊन सोडायचं एवढंच त्याचं काम. मी अशी पानं करत बसते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक मुलगी असते, वर्ध्याकडून नाहीतर यवतमाळकडून पुण्याला शिकायला आलेली. वसतिगृहाच्या खोलीत बाहेर पाऊस लागलेला, मेसचं जेवण गळ्याखाली न उतरणारं, आणि तिला अचानक आठवतात ती तरोट्याची कोवळी पानं, आईनं लसूण घालून परतलेली, भाकरीवर वाढलेली, आणि ती ‘तरोटा’ असं टंकते, अगदी घरी म्हणतात तसं. आणि तिला कुणी सांगत नाही की बाई तुझा शब्द चुकला, इथं असं काही नाही. पान उघडतं. शीर्षकाखाली बारीक अक्षरांत तिच्या घरचा शब्द असतो, त्यावरूनच ती इथं आली हे सांगणारा.

ती एकटी पडत नाही.

तिथंच जवळ एक ‘धूळपाटी’ आहे. नव्यानं आलेल्यांनी हात बसवण्यासाठी तिथं काहीही लिहावं. काही काळानं ती पुसली जाते. मी वेळ सापडला की तिचाही इतिहास उघडते, कारण पुसलेलं सगळं तिथं शिल्लक असतं. कुणी नुसतं नमस्कार लिहिलेलं. कुणी आपलं नाव, मग गावाचं नाव, मग पुन्हा आपलं नाव. कुणी अ आ इ ई. कुणी ‘मराठी उमटतंय का’. कुणी, बहुधा म्हातारं माणूस, एका ओळीत शब्दांमध्ये भलतीच अंतरं सोडत, आमच्या गावी विहिरीचं पाणी गोड आहे. त्या विहिरीचं पुढे काय झालं, त्या माणसानं मुख्य पानावर कधी लिहिलं का, मला शोधता आलं नाही. मात्र ते वाक्य वाचल्यावर माझ्या तोंडाला खरोखर गोड पाणी लागलं होतं, विहिरीच्या काठावर दोर खरवडल्याचा आवाज आला होता, आणि मी खुर्चीतून उठून माठातलं पाणी प्याले होते.

यंदा पाऊस लवकर आला. शेवळं आली आणि गेलीही; आता टोपल्यांत भारंगी आहे, कुर्डू आहे, टाकळ्याचे कोवळे शेंडे आहेत. मी सध्या खाजऱ्या भाज्यांचा आंबटाशी असलेला संबंध गावोगाव कसा बदलतो ते जमवते आहे. पुण्याकडे अळूच्या फदफद्यात चिंच पडते, कोकणात आमसूल, गोव्यात आंबाडे. देशावर, वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, बेळगावकडे, आणि बडोद्याला, इंदूरला, तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत काय घालतात, ते मला हवं आहे. भाजी कुठली, आंबट कुठलं, ते आधी घालायचं की उकळी आल्यावर, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्या त्या भाजीच्या पानाच्या वरच्या बाजूला ‘संपादन’ असं लिहिलेलं असतं. तिथं लिहा.